त्रिरश्मीच्या दगडावरचा राजा : गौतमीपुत्र सातकर्णी

वाचकहो, तुम्ही जुन्या जालन्यात कुंडलिकेच्या काठी राहत असा की भोकरदनच्या एखाद्या वस्तीत, तुमच्या पायाखालच्या भूमीचे नाव एका फार जुन्या दगडावर कोरलेले आहे. नाशिक शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्या लेण्यांशी काडीचाही संबंध नाही, ती भिक्खूसंघाची लेणी आहेत. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या मागच्या भिंतीवर, एका राजाच्या ताब्यातील मुलुखांची यादी आहे. तिच्यात अश्मक आहे, मूळक आहे, विदर्भ आहे, अपरांत म्हणजे कोकण आहे. मूळक म्हणजे पैठणच्या भोवतालचा गोदावरीचा प्रदेश. आपला जालन्याचा टापू या मुलुखांच्याच कुशीतला.

त्या राजाचे नाव गौतमीपुत्र सातकर्णी. त्याचा काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा शेवट आणि दुसऱ्या शतकाचा आरंभ असा ढोबळमानाने धरावा. नेमक्या वर्षांविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. आपल्या सभासंमेलनांतून या राजाचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. सातवाहन राजे बौद्ध होते, त्यांनी लेणी खोदविली, येथपर्यंत आपण बोलतो आणि टाळ्या घेतो. परंतु दगडावरचा मजकूर आपण शेवटपर्यंत वाचतो काय? या लेखात मी त्या राजाचे चरित्र सांगणार आहे ते मुख्यतः त्या दगडाच्या आधारे, आणि दगडाला अडचणीचे प्रश्न विचारूनच.

प्रथम त्याच्या घराण्याविषयी. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे पैठण. या घराण्याचा आरंभीचा मोठा लेख जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहे. नागनिका राणीच्या त्या लेखात अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्या यज्ञांतील दक्षिणा, गाई, घोडे, नाणी यांची लांबलचक मोजदाद आहे. म्हणजे हे घराणे वैदिक यज्ञ करणारे होते, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे. पण त्याच काळात या मुलुखातील प्रजा धम्माकडे वळलेली होती. भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांत भोगवर्धनची माणसे आहेत. आपल्या जिल्ह्यातून निघालेल्या त्या उपासकांनी कुठल्याही राजाची वाट पाहिली नाही. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केले, तेव्हा त्या सातवाहनकालीन नगराचे वैभव मातीतून वर आले. इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती तेथे मिळाली, यावरून हा व्यापार कुठवर पोचला होता ते समजते.

याच व्यापारावरून तंटा पेटला. गौतमीपुत्राच्या आधी शकांचे क्षहरात घराणे पश्चिमेकडून पुढे सरकले होते. त्यांचा राजा नहपान. त्याच्या अमलाखाली नाशिक, जुन्नर, कार्ले, कोकणपट्टी हा सगळा भाग गेला आणि सातवाहन मागे रेटले गेले. भडोच बंदरातून पैठणला आणि तेरला माल जाई-येई. कोण्या एका अनामिक ग्रीक खलाशाने आपल्या प्रवासपुस्तकात या दोन्ही गावांची नावे नोंदविली आहेत. कल्याणला येणारी परदेशी गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही तो सांगतो. बंदर ज्याच्या हाती, जकात त्याच्या हाती. म्हणून हे युद्ध धर्मासाठी झाले असे कोणी सांगितले तर तुम्ही त्याला भडोचचा रस्ता दाखवा.

धर्माचे म्हणाल तर नहपानाचा जावई उषवदात हा शक असूनही ब्राह्मणांना आणि भिक्खूंना सारखाच देत होता. त्रिरश्मीवरच्या दहाव्या लेण्यातील लेखांत त्याचा सारा हिशेब आहे. ब्राह्मणांना तीन लाख गाई, सोळा गावे. प्रभासतीर्थी आठ ब्राह्मणांची लग्नेही त्याने लावून दिली. आणि संघाला ३००० कार्षापण. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण व्याज. २००० चे वर्षाचे व्याज होते २४०, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. गुणाकार करून पाहा, पैन् पै जुळते. हा हिशेब मला कुठल्याही विजयगाथेपेक्षा जास्त आवडतो. त्यात विणकर आहेत, राजाच्या जावयाचा पैसा त्यांच्या श्रेणीकडे सुरक्षित राहील हा विश्वास आहे, आणि भिक्खूच्या अंगावरचे वस्त्र आहे.

असो. गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला. त्याचा पुरावा केवळ शिलालेखात नाही. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांच्या वर, सगळी नहपानाची. आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. जुने नाणे वितळवायचे नाही, त्याच्यावरच नवे चिन्ह ठोकायचे. काही नाण्यांवर नहपानाचा चेहरा नव्या ठशाखाली अर्धा बुजला आहे, अर्धा तसाच शिल्लक आहे.

राज्यारोहणाच्या अठराव्या वर्षी त्याने एक आज्ञा काढली. ती विजयी सेनेच्या छावणीतून निघाली आहे, म्हणजे लढाईची धूळ अजून बसली नव्हती. गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला राजा कळवतो की, काखडी गावातील २०० निवर्तने शेत, जे आजवर उषवदाताकडे होते, ते त्रिरश्मीवरच्या भिक्खूंना दिले आहे. त्या शेतात राजाच्या शिपायांनी शिरू नये, त्याला कोणी हात लावू नये, तेथे मिठासाठी खोदू नये, मुलकी अधिकाऱ्यांनी त्यावर हुकूम चालवू नये, अशा सवलती जोडल्या आहेत. शत्रूची जमीन घेतली आणि संघाला दिली. नव्या धन्याने जुन्या धन्याचे पुण्य आपल्या नावे करून घेतले, असेही म्हणता येईल.

पण पुढची गोष्ट ऐका. सहा वर्षे लोटली. राज्याच्या चोविसाव्या वर्षी दुसरी आज्ञा निघाली, ती राजाच्या आणि राजमातेच्या अशा दोघांच्या नावे, श्यामक नावाच्या अमात्याला. काखडीचे जे शेत आम्ही भिक्खूंना दिले होते ते कसले जात नाही, आणि ते गावही वसलेले नाही, असे तीत स्पष्ट नोंदविले आहे. म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरचे राजाच्या मालकीचे १०० निवर्तने शेत त्यांना द्यावे, असा हुकूम झाला. जमिनीचा कागद हाती आला पण नांगर लागला नाही, हा अनुभव आपल्या मराठवाड्यातल्या भूमिहीनाला नवा नाही. याच नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ते याच दुखण्यावर. फरक एवढाच की त्रिरश्मीच्या भिक्खूंचे गाऱ्हाणे राजाच्या कानी पोचले आणि बदली जमीन मिळाली, भले ती निम्मी का असेना.

आणखी एक प्रश्न मनात येतोच. काखडी ओस का पडली? तेथील कुणबी, मजूर कुठे गेले? सैन्ये येतात-जातात तेव्हा गावे उठतात, हे कुणाला सांगायला नको. आज्ञेत अमात्याचे नाव आहे, लोटा नावाच्या प्रतीहारीचेही नाव आहे. जे शेत कसत होते आणि मग कसेनासे झाले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव नाही.

या चोविसाव्या वर्षानंतर गौतमीपुत्राचा स्वतःचा लेख नाही. पुढे गादीवर आला त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र या नावांकडे लक्ष द्या. बापाचे नाव नाही, आईच्या गोत्राचे आहे. आणि खरोखरच या राजाची कीर्ती जर कोणी टिकविली असेल तर ती त्याच्या आईने. तिचे नाव गौतमी बलश्री. पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, म्हणजे मुलगा जाऊन बराच काळ लोटल्यावर, म्हाताऱ्या बलश्रीने त्रिरश्मीवर एक लेणे भदायनीय पंथाच्या भिक्खूंना दान दिले. ते लेणे तुम्ही पाहिले असेल. त्याच्या ओसरीच्या खांबांखाली सहा दांडगे यक्ष आपल्या खांद्यांवर सगळा भार पेलून बसलेले आहेत. त्यांच्या मागे, दाराच्या वर, अकरा ओळींत आईने मुलाचे चरित्र कोरविले.

ती ओळीमागून ओळ मुलाविषयी सांगत जाते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले. त्याने शक, यवन आणि पल्हव यांचा नाश केला, क्षहरातांचे मूळही राहू दिले नाही, सातवाहन कुळाचे यश पुन्हा उभे केले. आणि लगेच तीच आई सांगते की, अपराध केलेल्या शत्रूचाही जीव घेणे त्याला आवडत नसे. तो अन्यायाचा कर घेत नसे, प्रजेच्या सुखदुःखाशी समरस होई. एका भिंतीवर वंशाचा उच्छेद आणि प्राणिमात्राची दया शेजारी शेजारी आहेत. आईला दोन्ही खरे वाटले असेल. आपण मात्र नऊ हजार नाणी आणि ओस पडलेली काखडी आठवूनच ते वाचावे.

आता ज्या ओळींसाठी हा लेख लिहिला तिकडे वळू. बलश्री मुलाची तुलना राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्याशी करते. त्याला अद्वितीय ब्राह्मण म्हणते. काही विद्वान त्याचा अर्थ ब्राह्मणांचा एकमेव पाठीराखा असा करतात. त्याने क्षत्रियांचा गर्व उतरविला असे सांगते. आणि त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबविली, हे त्याचे मोठे कर्तृत्व म्हणून नोंदविते.

वाचकहो, हे वाक्य भिक्खूंच्या राहत्या लेण्यात आहे. ज्या शास्त्याने जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही आणि जन्माने कोणी वृषल होत नाही असे शिकविले, त्याच्या शिष्यांनी या दाराखालून रोज ये-जा केली, आणि वर वर्णसंकर बंद केल्याची फुशारकी होती. दान देणाऱ्याच्या शब्दांपुढे संघ गप्प राहिला. त्याला दुसरा काही मार्ग होता की नव्हता, हे आज बसल्या जागी ठरविणे सोपे नाही. पण लेणे मिळाले, गाव मिळाले आणि चातुर्वर्ण्य भिंतीवर राहिले, एवढे खरे. त्रिरश्मीवरून नाशिक शहर दिसते. त्याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे आपल्या माणसांनी सत्याग्रह सुरू केला. त्या दाराची कडी किती जुनी होती हे पाहायचे असेल तर तिसरे लेणे पाहावे.

त्याच लेखात मात्र एक शब्द असा आहे की त्यापाशी मी नेहमी थांबतो. राजाने कोणाची कुटुंबे वाढविली हे सांगताना द्विज आणि अवर असा जोडशब्द आलेला आहे. द्विज म्हणजे ब्राह्मणादी; अवर म्हणजे खालचे. एका वाचनाप्रमाणे राजाने वरच्यांची तशी खालच्यांचीही घरे सावरली. दुसऱ्या वाचनात ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ असा अर्थ घेऊन खालचे गळतात, आणि फक्त श्रेष्ठ द्विज उरतात. एका अक्षराच्या फोडीवर आपण त्या दगडात आहोत किंवा नाही हे ठरते. मला पहिले वाचन बरे वाटते. पण ते मान्य केले तरी खालचे हे खालचेच राहिले. त्यांना वाढविले, वर आणले नाही.

असे फक्त आपल्याकडेच घडले असे समजू नका. १९५० साली डॉ. बाबासाहेब सिंहलद्वीपाला गेले आणि तेथील बौद्ध जीवन त्यांनी जवळून पाहिले. त्या देशात पोलोन्नरुव या जुन्या राजधानीत गल्पोत नावाचा शिलालेख आहे. नावाचा अर्थच दगडी पुस्तक. लांबी सुमारे २७ फूट, रुंदी साडेचार फूट, वजन अदमासे २५ टन. हा धोंडा राजा निश्शंकमल्लाने मिहिंतलेहून ओढून आणविला. निश्शंकमल्लाने ११८७ ते ११९६ अशी नऊ वर्षे राज्य केले. तो मूळचा भारतातल्या कलिंग देशाचा. कर कमी केले, विहार बांधले, दंबुल्लच्या गुंफेतील बुद्धमूर्ती सोन्याने मढविल्या, आणि हे सगळे जागोजागी दगडावर कोरून ठेवले. आत्मस्तुतीत तो बलश्रीलाही मागे टाकील. लंकेच्या गादीवर बौद्धाशिवाय कोणी बसू नये, असे त्याने आपल्या शिलालेखांतून बजावले. आणि त्याबरोबरच गोवी कुळातील, म्हणजे शेती करणाऱ्या लोकांनी राजपदाची आशा धरू नये, हेही बजावले. तो आमच्या बलश्रीच्या लेकासारखा यज्ञवाल्या घराण्यातला नव्हता, स्वतःला बौद्ध म्हणविणारा राजा होता. त्रिशरण होते, पण जन्माचा मोजमापदंड तसाच होता.

पुढे काळ असा फिरला की तेच गोवी लोक सिंहली समाजात सर्वांत वरचे ठरले. १७५३ साली सयामहून उपसंपदा आणून जो निकाय तेथे स्थापन झाला, त्याची दारे थोड्याच काळात गोवींशिवाय इतरांना बंद झाली. तेव्हा इतर जातींच्या श्रामणेरांनी समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि १८०३ साली आपला अमरपूर निकाय उभा केला. त्यांनी धम्म सोडला नाही. दार बंद केले गेले तर दुसऱ्या मार्गाने आत आले. दीक्षा घेतलेल्या आपल्या समाजात अजूनही पोटजात पाहून सोयरिकी जुळविल्या जातात, म्हणून ही लंकेची हकिगत मी येथे मुद्दाम सांगितली.

सोयरिकीवरून पुन्हा गौतमीपुत्राकडे येतो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म दाखवून दिले ते हेच, की आपल्यातच लग्न करायचे, बाहेर नाही. बलश्रीच्या लेखातील वर्णसंकर थांबविल्याचा दावा हा त्याच कुंपणाचा दावा आहे. पण ते कुंपण तिच्या घराभोवती तरी टिकले काय?

त्रिरश्मीवरच फिरून पाहा. आई म्हणते मुलाने यवनांचा नाश केला, आणि त्याच डोंगरात सतरावे लेणे आहे ते धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने खोदविलेले, जो उत्तरेकडून आलेला यवन होता. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबही धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत. धम्माच्या ओसरीत यवन नष्ट झाले नव्हते, दानपती म्हणून बसले होते. इकडे शकही संपले नव्हते. क्षहरात गेले, पण चष्टनाचे कार्दमक घराणे पुढे आले, आणि त्याचा नातू रुद्रदामा याने इसवी सन १५० च्या सुमारास गिरनारजवळच्या खडकावर आपला लेख कोरविला. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा उघड युद्धात हरविले, पण जवळचा आप्त म्हणून त्याचा नाश केला नाही, असा त्यात मजकूर आहे.

आप्त कसा? त्याचे उत्तर मुंबईजवळच्या कान्हेरीत आहे. तेथे वासिष्ठीपुत्र श्री सातकर्णीच्या राणीचा उल्लेख असलेला एक लेख आहे. हा सातकर्णी बहुतेक विद्वानांच्या मते पुळुमावीचा भाऊ, म्हणजे बलश्रीचाच नातू. आणि त्याची राणी कार्दमक राजांच्या वंशातली, महाक्षत्रपाची मुलगी. महाक्षत्रपाच्या नावाचे पहिले अक्षर ‘रु’ एवढे शिल्लक आहे. ज्या शकांचा नाश केल्याचे आजीने नाशिकला कोरविले, त्याच शकांची लेक सून होऊन पैठणच्या घराण्यात आली. लेख तिच्या वैभवाचा नाही. सतेरक नावाच्या अमात्याने कान्हेरीच्या भिक्खूंसाठी खोदविलेल्या पाण्याच्या टाक्याचा आहे. दगड फुटला आहे, राणीचे नाव गेले आहे.